आगीची जागा

गाडीच्या मागच्या नळीतून आग निघावी म्हणून लोक पैसे मोजतील, असे कोणी आमच्या उस्तादांना सांगितले असते, तर त्यांनी त्या माणसाला आधी चहा पाजला असता आणि मग डॉक्टरकडे नेले असते. त्यांच्या काळात नळीतून आग निघाली की गाडी आजारी आहे असे समजत. फियाट किंवा अ‍ॅम्बॅसडर ‘फटाके मारते’ अशी तक्रार घेऊन गिऱ्हाईक आले, की उस्ताद बॉनेट उघडण्याआधी कान लावत. टायमिंग मागे गेले आहे, की एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह नीट बसत नाही, की कार्बोरेटर जास्त पेट्रोल सोडतो आहे, हे ते नुसत्या आवाजावरून ओळखत. दोन तासांनी गाडी शांत झाली की तिच्या मागे जाऊन नळीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर तळहात धरत. हाताला एकसारखी फुंकर लागली पाहिजे, मधे तुटता कामा नये. ही त्यांची परीक्षा. त्यात पास झाल्याशिवाय गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात जात नसे.

द्वारका आणि वडाळा नाक्याच्या पट्ट्यातल्या त्या गॅरेजमध्ये मी शाळा सुटल्यावर तीन वर्षे होतो. पुढे आयटीआय केले आणि मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवण्यात सारी नोकरी गेली. उस्ताद अल्लाला प्यारे झाले. त्यांच्यासारख्यांच्या हाताखाली शिकलेल्यांची मुले आणि भाचे आज त्या भागात गॅरेज चालवतात. माझाही एक भाचा त्यांत आहे. गेल्या वर्षी एका संध्याकाळी त्याचा फोन आला. आमच्या घरात बोलतात त्या बोलीत तो म्हणाला, “मामू, एक कस्टमर आया है. गाडी के पीछे से आग मंगती बोलता. बिठा दूं क्या?”

मी दुसऱ्या दिवशी गॅरेजवर गेलो. गिऱ्हाईक कॉलेज रोडकडचा एक तरुण होता. गाडी दहा-बारा वर्षांची, पेट्रोलची, चांगली राखलेली. त्याने मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. रात्रीची वेळ, मोकळा रस्ता, गाडी उभ्या जागी गुरगुरते आहे आणि मागच्या नळीतून हातभर निळी-पिवळी ज्वाळा बाहेर पडते आहे. भोवती मुले मोबाइल धरून उभी आहेत. मुलगा उद्धट नव्हता. उलट “अंकल, काही प्रॉब्लेम नाही ना?” असे त्याने आपण होऊन विचारले. या प्रश्नाचे उत्तर त्याला तिथे उभ्या उभ्या देता येण्याजोगे नव्हते. म्हणून ते इथे सविस्तर लिहितो आहे.

नाशिकला लोक तीर्थाचे, द्राक्षांचे गाव म्हणतात. आमच्यासारख्यांच्या लेखी ते इंजिनांचेही गाव आहे. सातपूरला मायकोचा कारखाना उभा राहिला. 2008 साली कंपनीचे नाव बॉश झाले, तरी जुनी माणसे अजून मायकोच म्हणतात. तिथे डिझेल इंजिनाचे नोझल तयार होतात. नोझलच्या टोकाची भोके इतकी बारीक, की उजेडासमोर धरल्याशिवाय दिसत नाहीत. त्या भोकांतून डिझेलचा फवारा नेमक्या क्षणी, नेमका तेवढाच उडावा, यासाठी माणसे डोळ्यांत तेल घालून काम करतात. महिंद्रचा कारखानाही याच गावात. 2002 साली आलेली स्कॉर्पिओ इथेच बनली. मोहल्ल्यातून पहाटे डबा घेऊन सातपूर-अंबडकडे निघणारी माणसे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. इंधनाचा थेंब वाया जाऊ नये आणि आग आपल्या जागी राहावी, यावर या गावातल्या कितीतरी चुली पेटल्या आहेत.

आगीची ती जागा कोणती? आयटीआयमध्ये पहिल्याच आठवड्यात मी मुलांना हे सांगत असे. पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये येते. एक भाग पेट्रोलला वजनाने साधारण 14.7 भाग हवा लागते. पिस्टन ते मिश्रण दाबतो, प्लगची ठिणगी पडते, ज्वाळा सिलिंडरभर पसरते आणि पिस्टनला खाली ढकलते. ज्वाळेचे तापमान 2000 अंश सेल्सिअसच्या पुढे असते. एवढी आग डबा घेऊन ऑफिसला निघालेल्या माणसाच्या पायांपुढे दोन-अडीच फुटांवर सेकंदाला कितीतरी वेळा पेटते आणि विझते, पण त्याला तिची झळ लागत नाही. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा जळायचे ते सारे जळून गेलेले असते. बाहेर पडतो तो नुसता गरम वायू. इंजिन बनवणाऱ्याची आणि दुरुस्त करणाऱ्याची सारी विद्या ही आग दिसू न देण्यात आहे.

ज्वाळा नळीतून बाहेर दिसते, याचा अर्थ काही पेट्रोल सिलिंडरमध्ये न जळता पुढे निसटले आणि नळीत जाऊन पेटले. आग काढणारे किट हेच मुद्दाम घडवून आणते. त्यात फार मोठे यंत्र नसते. नळीच्या शेवटाजवळ एक जादा स्पार्क प्लग, त्याला एक कॉइल आणि एक छोटा डबा. बटण दाबून रेस वाढवली की हा डबा इंजिनाची ठिणगी क्षणभर तोडतो. मिश्रण तसेच कोरे बाहेर पडते, नळीतून मागे येते आणि मागचा प्लग त्याला काडी लावतो. नव्या गाड्यांत प्लगही लागत नाही. गाडीच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम बदलून टायमिंग इतके मागे नेतात, की पेट्रोल नळीतच जळते आणि फटाक्यांच्या माळेसारखा आवाज येतो. उस्ताद ज्या रोगांवर औषध देत, तेच रोग आता पैसे घेऊन लावून दिले जातात.

ही हौस आली कुठून? मूळ शर्यतीत आहे. टर्बो बसवलेल्या रॅलीच्या गाडीत ड्रायव्हरने वळणावर पाय उचलला की टर्बोचे चाक मंदावते आणि पुन्हा जोर यायला वेळ लागतो. तो वेळ वाचवण्यासाठी थोडे पेट्रोल मुद्दाम एक्झॉस्टमध्ये जाळून टर्बो फिरता ठेवतात. मागून दिसणारी ज्वाळा हा त्या कामाचा उपपदार्थ, जशी लोहाराच्या घणाखालून ठिणगी उडते तशी. त्या गाडीचे इंजिन दर शर्यतीनंतर उघडले जाते, सुटे भाग पाण्यासारखे बदलले जातात, ड्रायव्हरच्या अंगात आग न धरणारे कपडे असतात आणि वाटेत अग्निशामक घेऊन माणसे उभी असतात. नाशिकच्या आसपासच्या डोंगरवाटांवर राष्ट्रीय रॅलीच्या फेऱ्या झाल्या आहेत, तेव्हा हा सारा सरंजाम इथल्या लोकांनी डोळ्यांनी पाहिला आहे. पुढे 2001 साली ‘द फास्ट अँड द फ्युरिअस’ हा इंग्रजी चित्रपट आला, 2004 साली आपल्याकडे ‘धूम’ आला. आता मोबाइलवरच्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रफिती आहेत. शर्यतीतून ज्वाळा तेवढी उचलली गेली, मागचा सरंजाम मैदानातच राहिला.

त्याआधी आपल्या रस्त्यांवर बुलेटचा फटाका सायलेन्सर येऊन गेला होता. मोटारीतल्या आगीचा तो थोरला भाऊ. राज्यातल्या अनेक शहरांत वाहतूक पोलिसांनी जप्त केलेले असे सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडून त्यांवरून रोडरोलर फिरवला. लोक टाळ्या वाजवून बघत होते. मला मात्र दर वेळी वाटले, या प्रत्येक चेपलेल्या नळीला कुठल्या तरी गॅरेजात कुठल्या तरी पोराने वेल्डिंग केले असेल. त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही.

आता धोक्यांकडे वळतो. पहिला फटका गाडीलाच बसतो. मोठ्या शहरांत 1995 पासून आणि पुढे सर्वत्र पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. मधमाश्यांच्या पोळ्यासारखी चिनीमातीची जाळी, तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा मौल्यवान धातूंचा पातळ लेप. विषारी वायू त्यातून जाताना निरुपद्रवी होतात. साधारण 400 ते 800 अंशांत तो सुखाने काम करतो. कोरे पेट्रोल त्यात जाऊन पेटले की तापमान हजाराच्या पुढे जाते, लेप निकामी होतो आणि जाळी वितळून नळी बुजते. मग गाडी चढ चढेनाशी होते. म्हणून आग काढून देणारे आधी कन्व्हर्टरच कापून टाकतात. तो कापला की कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले पेट्रोल थेट आपल्या मुलांच्या नाकात. ऑक्सिजन मोजणारा सेन्सर जातो, एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह करपतात. जास्तीचे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन काढते आणि रिंगा घासतात. बारा वर्षे जपलेले इंजिन अशा खेळाने फार लवकर खिळखिळे होते.

दुसरा धोका आगीचाच. पेट्रोलची वाफ उणे 40 अंशांतसुद्धा पेट घेते, म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही ऋतूत ती पेटायला तयारच असते. बहुतेक लहान गाड्यांची पेट्रोलची टाकी मागच्या सीटखाली असते. नळी तिच्या शेजारून जाते. मागचा बंपर प्लॅस्टिकचा असतो. एक्झॉस्टची नळी इंधनाच्या नळीपासून 35 मिलिमीटरच्या आत असता कामा नये, असा केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम आहे. ज्याने तो लिहिला त्याने नळी गरम असते एवढेच गृहीत धरले होते, ती आग ओकेल असे नव्हे. त्यातून आता नाशिकमध्ये सीएनजीच्या गाड्या पुष्कळ झाल्या आहेत. डिकीत 200 बार दाबाची टाकी आणि तिच्याखाली ज्वाळा, हे चित्र डोळ्यांपुढे आणून पाहावे. सिग्नलला गाडीच्या मागे उभा असतो तो स्कूटरवाला. त्याच्या पुढे पायरीवर उभे असलेले मूल नळीच्या उंचीला येते, मागे बसलेल्या बाईची ओढणी लोंबत असते.

महाग गाडी सुरक्षित असते, असा एक समज आहे. लँबोर्गिनी कंपनीने 2017 च्या फेब्रुवारीत अ‍ॅव्हेंटाडोर जातीच्या सुमारे 5,900 गाड्या जगभरातून परत बोलावल्या. टाकी काठोकाठ भरलेली असताना उभ्या गाडीची रेस जोरात वाढवली, तर पेट्रोलची वाफ तापलेल्या एक्झॉस्टपर्यंत पोचून आग लागू शकते, असे आढळले होते. बाहेरचा सायलेन्सर बसवला असेल तर धोका वाढतो, हेही कंपनीने सांगितले. कोट्यवधींच्या गाडीची ही कथा. आपण वडाळा नाक्यावर वेल्डिंग मारून काय वेगळे करणार आहोत?

आणि गाडीची आग म्हणजे काय, हे नाशिककरांना कोणी शिकवायला नको. 2022 च्या 8 ऑक्टोबरला पहाटे औरंगाबाद रस्त्यावर मिरची हॉटेलच्या चौकात यवतमाळहून मुंबईला निघालेली खासगी बस अपघातानंतर पेटली. आतली 12 माणसे होरपळून गेली. त्या अपघाताचा अशा हौसेशी काही संबंध नव्हता. पण त्या दिवशी एक गोष्ट साऱ्या शहराने पाहिली. गाडी पेटली की आतल्या माणसाला मिनिटेसुद्धा मिळत नाहीत. सीट, फोम, वायरी, रंग, सारे जळणच. ते दृश्य पाहिलेल्या गावात कोणी रस्त्यावर उभे राहून करमणुकीसाठी ज्वाळा काढतो, याचे मला वाईट वाटते.

तिसऱ्या धोक्याविषयी मला सर्वांत जास्त बोलायचे आहे, कारण त्याविषयी कुठे छापून येत नाही. किट बसवले की चाचणी घ्यावी लागते. गाडीचा मालक आत, स्टिअरिंगवर. मागे वाकून ज्वाळा नीट येते की नाही हे बघतो तो गॅरेजमधला हेल्पर. माझ्या ओळखीच्या एका गॅरेजात अठरा-एकोणीस वर्षांचा असा एक पोरगा होता. पहिल्या दोन वेळा काही झाले नाही. नळीत पेट्रोल साठत गेले आणि तिसऱ्या वेळी एकदम भडका उडाला. अंगावर बाजारात मिळते ती स्वस्त ट्रॅक पँट होती. असले कापड नुसते जळत नाही, वितळते आणि कातडीला चिकटते. भोवतीच्यांनी घाबरून जखमेवर टूथपेस्ट फासली. दवाखान्यात ती खरवडून काढताना पोराने जो आकांत केला, तो त्याच्या आईने मला सांगितला. तीन महिने तो घरी बसला. हेल्परला पगारी रजा नसते, विमा नसतो, हजेरीच्या वहीत नावसुद्धा नसते. गाडीचा मालक एकदा फळे घेऊन येऊन गेला. पहिल्या दोन वेळची चित्रफीत मात्र अजून लोक पाहत असतील.

जाता जाता एक काम सांगून ठेवतो. भाजले की जखमेवर निदान वीस मिनिटे वाहते साधे पाणी सोडावे. टूथपेस्ट, शाई, ग्रीस, हळद काही लावू नये, चिकटलेले कापड ओढू नये. पेट्रोलची आग पाण्याने विझत नाही, पसरते. म्हणून गॅरेजात पावडरचे अग्निशामक भिंतीवर हवे, मालाच्या ढिगाखाली नको.

कायद्याचे म्हणाल तर तो स्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. कंपनीने बनवताना जी वैशिष्ट्ये ठरवली आणि जी नोंदणीत आली, ती बदलतील असे फेरफार गाडीत करता येत नाहीत. 2019 च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितले. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीनंतर कलम 182-अ नुसार असा बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला प्रत्येक फेरफारामागे 5,000 रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. आवाज आणि प्रदूषणाचे नियम मोडले तर कलम 190 खाली पहिल्याच वेळी 10,000 रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद आणि तीन महिने लायसन्स रद्द. अपघात झालाच तर न सांगता केलेल्या फेरफाराकडे बोट दाखवून विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. ही मालकाची बाजू झाली. मेकॅनिक म्हणतो, गाडी माझी नाही, मला काय? पण 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे कलम 287 आगीशी किंवा ज्वालाग्राही वस्तूंशी निष्काळजीपणे वागून दुसऱ्याच्या जिवाला धोका करणाऱ्याबद्दल आहे. जुन्या दंडसंहितेत ते 285 होते. ते मालक आणि मिस्त्री असा भेद करत नाही. आणि असा प्रसंग आला की मालकाला वकील मिळतो, मिस्त्रीला मिळायला वेळ लागतो, हे वाचकांना सांगायला नको.

आपल्या समाजाच्या दृष्टीने याला आणखी एक बाजू आहे, आणि या अंकात ती मोकळेपणाने मांडायला हरकत नसावी. शब-ए-बरातीच्या रात्री वडीलधारी माणसे कब्रस्तानात फातेहा पढायला जातात, मशिदीत जागरण होते, आणि त्याच रात्री काही पोरे सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकली पळवतात. आतषबाजीची जुनी खोड मौलवींनी वर्षानुवर्षे समजावून बरीच कमी केली, तर ती आता चाकांवर आली. आजारी माणूस खाटेवर दचकतो, तान्हे मूल रडत उठते. सकाळी बोट रोखले जाते ते पाच-पन्नास पोरांवर नाही, साऱ्या मोहल्ल्यावर. ही हौस काही आपल्याच पोरांना आहे असे नाही, कॉलेज रोडचा तो तरुण आपल्यातला नव्हता. पण पाने हातात धरणारे पुष्कळसे हात आपले आहेत. हौस कोणाचीही असो, जळणारा हात आपला असतो.

आपल्या घरांत इस्राफ हा शब्द लहानपणापासून कानावर पडतो. वजू करताना नळ मोठा सोडला तर माझी आई हटकत असे. म्हणे, नदीकाठी बसला असशील तरी पाणी जपून वापर. जे पेट्रोल आणायला माणूस महिनाअखेरीस उधारी करतो, ते नळीतून जाळून दाखवणे याला दुसरा कुठला शब्द लावायचा? आणि रोजीचा प्रश्न आहेच. ज्या कामाने रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला इजा होईल हे आधीच ठाऊक आहे, त्या कामाच्या पैशात बरकत असेल का, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे. मी मौलवी नाही, मिस्त्री आहे.

भाच्याला मी हे सगळे सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि मला जे उत्तर दिले, ते इथे दिल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही. तो म्हणाला, “मामू, आपके जमाने में काम था.” त्याचे खरे आहे. कार्बोरेटर गेले, पॉइंट गेले, टायमिंग लावायचे काम उरले नाही. 2020 च्या एप्रिलपासून भारत स्टेज सहाच्या गाड्या आल्या. त्यांना हात लावायचा तर आधी स्कॅनर हवा, आणि चांगल्या स्कॅनरची किंमत गल्लीतल्या गॅरेजच्या कमाईला झेपत नाही. नवी गाडी वॉरंटी असेपर्यंत कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच जाते. विजेच्या गाड्यांत तर ऑइलसुद्धा बदलायचे नसते. भाच्याने स्कॅनर हप्त्यावर घेतला आहे. त्या तरुणाने देऊ केलेली मजुरी दोन हप्त्यांइतकी होती. चार तासांचे काम. मी त्याला फुकटचा उपदेश करून रिक्षाने घरी जाणार होतो, हप्ता त्याला भरायचा होता.

म्हणून त्या दिवशी उपदेश तिथेच ठेवून आम्ही कागद-पेन घेऊन बसलो. जवळपासच्या रिक्षा, टेम्पो आणि शाळेच्या व्हॅन किती, त्यांचे पीयूसी आणि फिटनेस कधी संपते, त्यांपैकी कितीजणांना स्कॅनरची तपासणी माफक दरात हवी आहे, याची यादी केली. सीएनजीच्या टाकीची दर तीन वर्षांनी चाचणी व्हावी लागते. पुष्कळ मालकांना तारीख ठाऊक नसते. त्यांना आठवण करून देणे, टाकी काढून अधिकृत केंद्रावर नेणे आणि परत बसवणे हेसुद्धा काम आहे. विजेच्या रिक्षांचे मोटर-कंट्रोलर दुरुस्त करायला माणसे मिळत नाहीत, हे त्याने स्वतःच सांगितले. ज्या मुलाला आग काढण्याएवढी वायरिंग कळते, त्याला हे शिकायला सहा महिने पुरतील. हुनर तोच आहे. ज्याला खरोखर वेगाची ओढ आहे, त्याच्यासाठी परवाना घेऊन भरणाऱ्या रॅली आणि शर्यतीचे ट्रॅक आहेत. तिथल्या संघांना चांगले मेकॅनिक लागतात.

भाच्याने काम नाकारले. त्या तरुणाला त्याने स्वच्छ सांगितले, की असे का करणार नाही, आणि गाडीचे एक ट्युनिंग कमी पैशात करून दिले. तरुण हसून गेला. आठवड्याभरात ऐकले, की त्याने दुसरीकडे किट बसवून घेतले. दोन हप्त्यांचे पैसे त्या गॅरेजला मिळाले. भाचा काही बोलला नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर जे होते ते मला दिसले. एकट्याने सरळ वागायचे म्हणजे शेजाऱ्याला गिऱ्हाईक देऊन टाकणे, हा धंद्यातला कडू हिशेब आहे.

तेव्हा पुढच्या जुम्याला नमाजनंतर आम्ही त्या ओळीतल्या सातही गॅरेजवाल्यांना चहाला बोलावले. भाजलेल्या पोराच्या वडिलांनाही बोलावले होते. ते फार बोलले नाहीत, मुलाच्या पायाचे फोटो तेवढे त्यांनी दाखवले. आग काढायचे किट आणि फटाका सायलेन्सर कोणीच बसवायचे नाही, आणि स्कॅनर सातांनी मिळून वापरायचा, त्याचा हप्ता वाटून घ्यायचा, असा विचार निघाला. चौघे तयार झाले. तिघांनी बघू म्हटले. त्यातला एक जाताना मला म्हणाला, “सर, तुम्ही गिऱ्हाइकांनाही समजवा ना. सगळे आम्हालाच का सांगता?”

त्याचे म्हणणे मला पटले. म्हणून हे वाचणाऱ्यांना, विशेषतः ज्यांच्या दारात गाडी आणि घरात तरुण मुलगा आहे त्यांना विनंती आहे. एकदा आपल्या गाडीच्या मागे जाऊन उभे राहा. नळीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर तळहात धरा. एकसारखी, कोमट फुंकर लागली तर समजा, ज्याने ती गाडी राखली तो मिस्त्री खरा आहे, आणि त्याला त्याच्या कामाचे पूर्ण पैसे द्या. आमच्या ओळीतल्या उरलेल्या तिघांशी बोलणे चालू आहे.